विश्लेषण : ‘वन-हिट वंडर’चा शिक्का मारते कोण? आणि त्या एका गाण्याचे पैसे जातात कुठे?

आधी एक हात पुढे, मग दुसरा, तळवे उलटे, हात खांद्यावर, मग डोक्यामागे. ‘मॅकरेना’चे शब्द फारसे कोणाला येत नाहीत, पण हे हातवारे नव्वदच्या दशकात शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचलेल्या पिढीला आजही झोपेतून उठवले तरी जमतील. १९९६ मध्ये हे गाणे अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. ते गाणारे ‘लॉस देल रिओ’ म्हणजे स्पेनमधील सेव्हिल शहराजवळच्या गावातले, पन्नाशीला टेकलेले दोन सुटाबुटातले गृहस्थ. त्यानंतर अमेरिकेत त्यांचे दुसरे गाणे गाजले नाही. २००२ मध्ये ‘व्हीएच१’ या अमेरिकी संगीत वाहिनीने ‘वन-हिट वंडर’, म्हणजे एकाच गाण्यावर नाव झालेल्या कलाकारांची शंभर गाण्यांची यादी काढली, तेव्हा पहिला नंबर अर्थातच ‘मॅकरेना’चा लागला.

मात्र हे दोघे साठच्या दशकापासून एकत्र गात होते. स्पेनमध्ये त्यांची जोडी ‘मॅकरेना’च्या आधी तीसएक वर्षे कार्यक्रम करत होती. मूळ गाणे १९९३ चे. मायामीच्या ‘बेसाइड बॉइज’नी त्यात इंग्रजी कडवी घालून नवा ठेका दिला आणि मग ते अमेरिकेत धडाक्यात वाजले. म्हणजे ज्यांना अमेरिका ‘एका गाण्याचे धनी’ म्हणते, ते आपल्या देशात तीन दशके पोट भरणारे व्यावसायिक गायक होते. हा शिक्का कलाकाराविषयी फार थोडे सांगतो. आणि तो मारण्याच्या नादात एक जास्त महत्त्वाचा प्रश्न मागे राहतो, की ते एक गाणे कागदावर कोणाच्या नावावर आहे?

‘वन-हिट वंडर’ म्हणजे नेमके काय?

सर्वात प्रचलित मोजमाप अमेरिकेचे आहे. बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ज्या कलाकाराचे एकच गाणे पहिल्या चाळीसमध्ये पोहोचले, तो ‘वन-हिट वंडर’. अट सोपी, पण ती लावली की उत्तरे गमतीशीर येतात.

जिमी हेंड्रिक्स हे नाव घेतल्याशिवाय गिटारचा इतिहास पुरा होत नाही. पण अमेरिकेत पहिल्या चाळीसमध्ये त्याचे एकच गाणे पोहोचले. १९६८ चे ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’, क्रमांक २०. तेही मूळचे बॉब डिलनचे. ‘ग्रेटफुल डेड’ या बँडने दशकानुदशके मैदाने भरवली. पहिल्या चाळीसमध्ये त्यांचेही एकच गाणे, १९८७ चे ‘टच ऑफ ग्रे’. अट अक्षरशः पाळायची तर हे दोघेही ‘मॅकरेना’च्या रांगेत उभे राहतात. ज्या चाळणीतून हेंड्रिक्स खडा म्हणून बाजूला पडतो, त्या चाळणीचे भोक एकदा तपासून घ्यायला हवे.

उलट बाजूही आहे. नॉर्वेच्या ‘आ-हा’ बँडचे ‘टेक ऑन मी’ जवळपास प्रत्येक यादीत असते. व्हीएच१ ने त्याला आठवा क्रमांक दिला होता. पण १९८५ मध्ये हे गाणे अमेरिकेत पहिले आल्यानंतर त्यांचे पुढचे गाणे तिथेच विसाव्या क्रमांकापर्यंत गेले आणि ब्रिटनमध्ये तर पहिले आले. १९८७ च्या बाँडपटाचे शीर्षकगीत त्यांचे. १९९१ मध्ये ब्राझीलच्या माराकाना स्टेडियममध्ये त्यांनी १ लाख ९८ हजार लोकांसमोर कार्यक्रम केला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. म्हणजे व्याख्येनेही ते ‘वन-हिट’ नाहीत. तरी यादीत आहेत, कारण यादी करणाऱ्याला एकच गाणे आठवत होते.

दुसरे हिट इतके अवघड का असते?

‘एकच गाणे चालले’ हे वाक्य आपण कुचेष्टेने बोलतो. खरे तर एक गाणे चालणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जस्टिन बर्ग यांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ६९ हजार कलाकारांची जवळपास ३० लाख गाणी त्यांनी तपासली. त्यातल्या बहुसंख्य कलाकारांच्या वाट्याला एकही हिट आले नव्हते. पुढचा निष्कर्ष जास्त रोचक आहे. ज्यांचे काम त्या काळातल्या चालू गाण्यांपेक्षा वेगळे होते, त्यांना पहिले हिट मिळणे कठीण गेले. पण मिळाले तर पुढची हिट मिळण्याची शक्यता त्यांचीच जास्त होती. चालू ठेक्यावर बेतलेले गाणे पटकन चढते, पण ठेका बदलला की त्या कलाकाराकडे दुसरे काही शिल्लक नसते. शिवाय एकदा गाणे गाजले की कंपनीलाही आणि श्रोत्यालाही तसेच दुसरे हवे असते.

याचे सर्वात मजेदार उदाहरण भारताशी जोडलेले आहे. १९७४ चे ‘कुंग फू फायटिंग’ ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिले आले. गायक कार्ल डग्लस, जमैकात जन्मलेला. निर्माता मात्र बंगळूरुहून लंडनला गेलेला बिद्दू. हाच बिद्दू पुढे नाझिया हसनचे ‘आप जैसा कोई’ आणि अलिशाचे ‘मेड इन इंडिया’ घेऊन घराघरात पोहोचला. लंडनच्या त्या स्टुडिओत मुळात दुसरेच गाणे ध्वनिमुद्रित व्हायचे होते. तीन तासांतला बहुतेक वेळ त्यातच गेला. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे ‘बी साइड’ला काहीतरी भरायचे म्हणून शेवटच्या दहाएक मिनिटांत हे गाणे उरकले. कंपनीतल्या माणसाने ऐकले आणि बाजूच उलटवली. डग्लसने मग ‘डान्स द कुंग फू’ नावाचे गाणे काढले. नावावरूनच हेतू कळतो. ते अमेरिकेत अठ्ठेचाळीसवर अडकले.

पण डग्लसच्या बाबतीत एक गोष्ट नीट झाली होती. ‘कुंग फू फायटिंग’ त्याने स्वतः लिहिले होते. यापुढचा सगळा विषय याच एका ओळीचा आहे.

एका गाण्यात किती मालक असतात?

आपण ‘गाणे’ म्हणतो ती कायद्याच्या नजरेत एक वस्तू नाही. शब्द आणि चाल ही एक मालमत्ता. तिचे स्टुडिओत झालेले ध्वनिमुद्रण ही दुसरी. गायक-वादकाने जे सादर केले, त्यावरचा त्याचा हक्क हा तिसरा भाग. मोबाइलच्या भाषेत सांगायचे तर ॲप एकच दिसते, पण कोड एकाचा, डिझाइन दुसऱ्याचे आणि सर्व्हर तिसऱ्याचा. पैसे कोणाला किती, हे या तिघांतल्या करारावर ठरते.

‘सॉफ्ट सेल’ या ब्रिटिश जोडगोळीला हे महागात पडले. १९८१ मध्ये त्यांचे ‘टेन्टेड लव्ह’ ब्रिटनमध्ये पहिले आले आणि अमेरिकेच्या हॉट १०० मध्ये तब्बल ४३ आठवडे राहिले, जो तेव्हाचा विक्रम होता. पण गाणे त्यांचे नव्हते. एड कॉब यांनी लिहिलेले, ग्लोरिया जोन्सने साठच्या दशकात गायलेले. त्यात वाईट काही नाही. चूक दुसऱ्या बाजूला झाली. रेकॉर्ड विकली गेली की दोन्ही बाजूंच्या गीतकार-संगीतकारांना मानधन मिळते. बी साइड कोणी ऐको न ऐको. त्या बाजूला या दोघांनी आपले स्वतःचे काहीही गाणे टाकले असते, तरी विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे लेखनाचा वाटा हातात पडला असता. त्यांनी तिथेही दुसऱ्याचेच जुने गाणे टाकले. रेकॉर्ड प्रचंड खपली आणि लेखनाचे पैसे दोन्ही बाजूंनी दुसरीकडे गेले. पुढे मुलाखतींत त्यांनी याची हळहळ बोलून दाखवली. (ब्रिटनमध्ये त्यानंतर त्यांची आणखी चार गाणी पहिल्या पाचात आली. अमेरिकेच्या यादीत मात्र ते ‘वन-हिट’च.)

‘द व्हर्व्ह’चे १९९७ चे ‘बिटर स्वीट सिम्फनी’ याहून चमत्कारिक. त्यातला व्हायोलिनचा तुकडा ‘रोलिंग स्टोन्स’च्या एका जुन्या गाण्याच्या वाद्यवृंदी ध्वनिमुद्रणावरून घेतला होता. ध्वनिमुद्रणाची परवानगी काढली, पण चालीचे हक्क स्टोन्सच्या माजी व्यवस्थापकाच्या कंपनीकडे होते. शेवटी शब्द रिचर्ड ॲशक्रॉफ्टचे असूनही गाण्याच्या लेखनाचे सगळे उत्पन्न आणि श्रेय जॅगर-रिचर्ड्सकडे गेले. २०१९ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनी, त्या दोघांनी हे हक्क ॲशक्रॉफ्टला परत दिले. आणि तो तुकडा ज्याने प्रत्यक्षात बांधला, त्या डेव्हिड व्हिटेकर या संगीत संयोजकाचे नाव या भांडणात कुठेच नव्हते!

हे सरळपणे करता येते, याचेही उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियाच्या गोत्येचे ‘समबडी दॅट आय यूज्ड टू नो’ २०१२ मध्ये अमेरिकेत आठ आठवडे पहिले होते. त्याची सुरुवातीची गिटार ब्राझीलच्या लुईस बोन्फा यांच्या १९६७ च्या रचनेतून घेतली आहे. बोन्फा २००१ मध्येच वारले होते. तरीही गाण्याच्या लेखकांत त्यांचे नाव आहे आणि उत्पन्नात वाटाही. गोत्येने पुढे दुसरे ‘तसेच’ गाणे काढलेच नाही. यूट्यूबवर दोन अब्जांहून अधिक वेळा पाहिलेल्या त्या व्हिडीओवर त्याने जाहिरातीही घेतल्या नाहीत. त्याला ‘अपयशी’ म्हणणाऱ्यांनी आधी यश म्हणजे काय, ते सांगावे.

दहा शिलिंगांचे गाणे

आता या विषयातली सर्वात कडू गोष्ट. सॉलोमन लिंडा हा दक्षिण आफ्रिकेतला झुलू गायक. गुरे राखत वाढला, कामासाठी जोहान्सबर्गला आला आणि ‘इव्हनिंग बर्ड्स’ नावाचा गट करून गाऊ लागला. १९३९ मध्ये ‘गॅलो’ कंपनीच्या स्टुडिओत त्याने ‘मबुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. मबुबे म्हणजे सिंह. तिसऱ्या वेळी गाताना शेवटाकडे त्याने ऐनवेळी सुचलेली एक सुरावट घेतली. काही सेकंदांची. आज जगभरात जी चाल लोक गुणगुणतात, ती हीच.

त्याबद्दल त्याला १० शिलिंग मिळाले आणि हक्क कंपनीकडे गेले. चाळीसच्या दशकात आफ्रिकेत त्या रेकॉर्डच्या सुमारे एक लाख प्रती खपल्या. अशा गायनप्रकारालाच लोक ‘मबुबे’ म्हणू लागले. लिंडा त्याच कंपनीच्या गोदामात साफसफाई आणि बांधाबांधीचे काम करत होता.

रेकॉर्ड फिरत फिरत अमेरिकेत पीट सीगर या लोकगायकाच्या हाती पडली. त्याला मूळ शब्द नीट ऐकू आला नाही. ‘उयिंबुबे’चे ‘विमोवे’ झाले आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या ‘वीव्हर्स’ गटाने ते त्याच नावाने गाजवले. १९६१ मध्ये ‘टोकन्स’ या गटाने इंग्रजी शब्द घालून ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ केले. ते अमेरिकेत पहिले आले. श्रेयात लिंडाचे नाव नव्हते. सीगरने आपल्या वतीने त्याला एक हजार डॉलर पाठवले होते, पण हिशेब त्यापेक्षा फार मोठा होता. १९६२ मध्ये लिंडा वारला तेव्हा त्याच्या बँक खात्यात २५ डॉलरही नव्हते. कबरीवर दगड बसायला आणखी १८ वर्षे गेली.

१९९४ मध्ये ‘द लायन किंग’ आला. टिमोन आणि पुंबा जंगलातून गात जातात ते हेच गाणे. २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे पत्रकार रायन मलान यांनी ‘रोलिंग स्टोन’ मासिकात ही हकिगत सविस्तर मांडली. एकट्या ‘लायन किंग’मधल्या वापरातून या गाण्याने सुमारे दीड कोटी डॉलर मिळवले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. लिंडाच्या मुलींना यातले नगण्य मिळाले होते.

मग वकिलांना एक जुना धागा सापडला. १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या कॉपीराइट कायद्यानुसार, लेखकाने हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत येत. (हाच कायदा थोडे फेरफार करून १९१४ मध्ये भारतातही लागू झाला होता.) त्या आधारे खटला उभा राहिला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये हक्क सांगणाऱ्या अमेरिकी कंपनीशी तडजोड झाली. लिंडाला सहलेखक म्हणून श्रेय आणि वारसांना मानधन मिळाले. गाणे मुद्रित झाले त्याला ६७ वर्षे होत आली होती.

लिंडा ‘वन-हिट वंडर’च्या कोणत्याच लोकप्रिय यादीत नसतो. यादीत यायलाही आधी श्रेयात नाव लागते.

भारतात चित्र काय आहे?

आपल्याकडे अनेक दशके गाणे म्हणजे सिनेमाचे गाणे. ते गाजले की श्रेय चित्रपटाला, नायकाला, फार तर गायकाला मिळे आणि हक्क निर्मात्याकडून संगीत कंपनीकडे जात. गीतकार-संगीतकाराला एकरकमी पैसे दिले की व्यवहार संपला. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्याचे कारण हेच. या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराने हक्क दिले तरी मानधनातला समान वाटा मिळण्याचा अधिकार तो कंपनीला सोडून देऊ शकत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे जाऊ शकतो. सिनेमाबाहेरच्या गाण्यांनाही हे लागू आहे. गायकालाही सादरीकरणाच्या व्यावसायिक वापराबद्दल मानधनाचा हक्क आहे.

करारावर सही करणाऱ्यांसाठी कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. हक्क किती काळासाठी दिले, हे करारात लिहिलेले नसेल, तर ते पाच वर्षांसाठी दिले असे मानले जाते. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलेले नसेल, तर फक्त भारतापुरते. म्हणूनच छापील करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगभर’ हे शब्द आवर्जून असतात. रीलवर गाणे चढलेल्या विशी-बाविशीतल्या पोरासमोर असा दहा पानी इंग्रजी कागद येतो, तेव्हा तो शेवटच्या पानावरची सहीची जागा शोधत असतो. शब्द आणि चालीवरचा कॉपीराइट हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे विसाव्या वर्षी केलेली सही नातवंडांपर्यंत पुरते.

तंत्रज्ञान यातून सोडवेल, असे अनेकांना वाटते. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा नवा व्हिडीओ आला की त्यातला आवाज आपल्याकडच्या नमुन्यांशी ताडून पाहते आणि जुळला की हक्कदाराला कळवते. पण नमुना ज्याने जमा केला, तोच तिच्या लेखी हक्कदार. ती आवाज ओळखते. ते गाणे पहिल्यांदा कोणाच्या ओसरीवर जुळले, हे तिला कळण्याचा मार्ग नाही.

२०२० च्या मार्चमध्ये बादशाहचे ‘गेंदा फूल’ आले आणि टाळेबंदीत अडकलेल्या देशभर वाजले. त्यातल्या बंगाली ओळी ‘बोरो लोकेर बिटी लो’ या गाण्याच्या. ते १९७२ मध्ये रतन कहार या पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या लोकगायकाने रचले होते. (‘कच्चा बादाम’ही त्याच जिल्ह्यातले.) १९७६ मध्ये स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात ते बंगालभर पोहोचले. पण ‘गेंदा फूल’च्या श्रेयनामावलीत कहार नव्हते. समाजमाध्यमांवर गदारोळ झाल्यावर बादशाहने सांगितले, की आधीच्या नोंदींमध्ये हे गाणे पारंपरिक म्हणूनच होते, कहार यांचे नाव कुठे आढळले नाही. त्याने नंतर त्यांना पाच लाख रुपये दिले.

बादशाहचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही, कारण खोट तिथेच आहे. मराठीतही कितीतरी कोळीगीते, भारुडे, गोंधळगीते कॅसेटवर ‘पारंपरिक’ म्हणून छापली गेली. त्यातली बरीच खरोखर पिढ्यान्‌पिढ्यांची असतील. काही मात्र कोणा एका माणसाने एका रात्री बांधलेली असणार, आणि त्याच्या गावाबाहेर हे कोणाला माहीत नसणार. २०१२ ची दुरुस्ती अशांना काही देऊ शकत नाही. समान वाटा मागायला आधी नोंदीत नाव लागते आणि ‘पारंपरिक’ला वारस नसतात.

देशाला रतन कहार यांचे एकच गाणे ठाऊक आहे, तेही दुसऱ्याच्या नावाने. बीरभूममध्ये ते आयुष्यभर भादू गाणी गात आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.